चुन्याची रेघ

मिसेस पेटिग्रूंनी नाकावरचा चष्मा काढला, दुकानाच्या फरशीवर नीट उलगडून ठेवला आणि टाचेखाली चिरडला. एकदा. मग पुन्हा एकदा, काड्यांसकट.

"घे," त्या म्हणाल्या. "माझ्यापेक्षा तुला जास्त गरज आहे."

काउंटरमागच्या हॉलिसने हातातलं भिंग खाली ठेवलं. हा चष्मा त्यानेच ऑगस्टमध्ये बनवला होता. नाकाला टोचतो म्हणून तीनदा बदलूनही दिला होता. त्याची बायको लॉरेल झाडू घेऊन दारात उभी होती. आज, मंगळवारी, सकाळपासूनचा हा सातवा चष्मा. आधीचे सहा लोकांनी बाहेर उंबऱ्यावरच फोडले होते, आत यायचे कष्टही घेतले नव्हते. दर्शनी काच रविवारी विटेने गेली होती. तिथे ठोकलेल्या प्लायवुडवर सोमवारी कुणीतरी नारिंगी रंगात लिहून गेलं होतं: आंधळ्याचं चष्म्याचं दुकान.

मिसेस पेटिग्रू चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. लॉरेलच्या लग्नात त्यांनीच वाजवला होता. त्या ताठ मानेने वळल्या, दोन पावलं चालल्या आणि दार समजून चष्म्यांच्या मांडणीवर आदळल्या. तिथेच हात पुढे करून उभ्या राहिल्या.

हॉलिस काउंटरला वळसा घालून आला आणि आपलं कोपर त्यांच्या हाताखाली सरकवलं.

"पायरी आहे, मॅडम. उजवा पाय."

"शिवू नकोस मला, चोरा."

"नाही शिवत. आता दुसरी."

"लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून बघतेय मी केल्सोचा खेळ. असा दरोडा नाही पाहिला."

"हो, मॅडम. ट्रक येतोय, जरा थांबा."

"तुझ्या आईला काय वाटत असेल वर!"

"चला आता."

लॉरेल बघत राहिली. म्हातारी त्याची बाही घट्ट धरून, शिव्या मोजत रस्ता ओलांडत होती आणि हा तिच्या पावलात पाऊल टाकत होता. शनिवारनंतर पहिल्यांदाच लॉरेलला हसू फुटलं. तेवढ्यात फोन वाजला. तिने सवयीने उचलला. पलीकडचा माणूस अगदी शांतपणे, भाजीची यादी सांगावी तसा म्हणाला, "तुमची पोरगी सव्वातीनला सुटते ना? पिवळं दप्तर?"

तिने फोन ठेवला. हातातला झाडू मात्र तिला बराच वेळ सोडता आला नाही.

शनिवारी झालं होतं ते एवढंच. अमेरिकन फुटबॉलचा सामना, शेवटची चार सेकंदं, गावच्या कॉलेजचा संघ केल्सो स्टेट पाच गुणांनी मागे. केल्सोच्या बारा नंबरच्या पोराने मैदानाच्या दक्षिण कोपऱ्यात हवेत झेपावून चेंडू झेलला आणि खाली आला. पाय आत पडला असेल तर टचडाउन, म्हणजे सहा गुण, सामना खिशात आणि एकोणतीस वर्षांनी विजेतेपदाची लढत. रेषेवर पडला असेल तर काहीच नाही. त्या कोपऱ्यात हॉलिस उभा होता, पंचाच्या पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टात, पाठीवर त्याच्या जागेचं एफ अक्षर. ऐंशी हजार माणसं दोन्ही हात सरळ वर करून, टचडाउनची खूण करत उभी होती. हॉलिसने आपले दोन्ही हात कमरेसमोर आडवे फिरवले, आत-बाहेर, आत-बाहेर. झेल नाही. कॅमेऱ्यांच्या आड नेमके फोटोवाले आले होते. वरच्या खोलीतल्या पंचांनी पंधरा वेळा चित्र फिरवून पाहिलं आणि सांगितलं, नक्की काही दिसत नाही, मैदानावरचा निर्णय कायम.

नऊ वर्षांत त्याला केल्सोच्या मैदानावर कधी पाठवलं नव्हतं. सासऱ्याच्या खुर्च्या तिथे आहेत हे पंचांच्या मंडळाला ठाऊक होतं. पण शुक्रवारी एका पंचाचं अपेंडिक्स उठलं आणि जवळ राहणारा म्हणून हॉलिसला फोन आला. आता गाव म्हणत होतं, मुद्दाम घुसवला.

दुपारी दुकान बंद करताना लॉरेल म्हणाली, "सांग ना एकदा लोकांना. पेपरवाले रोज विचारतायत."

"पंच बोलत नाही, लॉरेल. हात फिरवला की त्याचं बोलणं संपलं."

"मला तरी सांग."

त्याने कुलूप ओढून पाहिलं. "रेषेवर होता."

"नक्की?"

त्याने तिच्याकडे असं पाहिलं, की तिला पुन्हा विचारवलं नाही.

बुधवारी लेकीला, टॅन्सीला, शाळेच्या अगदी वर्गापर्यंत सोडून, बाईंच्या हातात तिचा हात देऊन लॉरेल परतली. दप्तर निळं घेतलं होतं. दोन कागदी पेल्यांत कॉफी घेऊन ती दुकानाच्या मागच्या बोळात वळली आणि आधी तिला आवाज ऐकू आला. उशी धोपटावी तसा.

तिघे होते. तोंडाला नारिंगी रुमाल. हॉलिस गुडघ्यांवर होता, एकाने मागून त्याचे केस धरले होते. दुसऱ्याच्या हातात बेसबॉलची बॅट.

"हात वर कर," बॅटवाला म्हणत होता. आवाजात राग नव्हता, समजूत घातल्यासारखा होता. "दोन्ही. सरळ वर. एकदाच कर, आम्ही जातो."

हॉलिसचे हात मांडीला चिकटलेले होते. बॅट बरगडीत बसली. तो पुढे वाकला, केस ओढून त्याला पुन्हा सरळ केलं.

"काय जातंय तुझं? हात वर."

तो काहीतरी म्हणाला. तोंडात रक्त होतं, शब्द बाहेर आले नाहीत. या वेळी बॅट तोंडावर आली, आडवी, डाव्या डोळ्याच्या खाली, आणि हाड मोडल्याचा आवाज लॉरेलने आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. ओली फांदी मोडावी तसा.

आपण किंचाळलो हे तिला नंतर कळलं. एक कॉफी तिने बॅटवाल्याच्या मानेवर फेकली, दुसरी कुठे गेली ते तिला कळलंच नाही. तिने त्याच्या रुमालात बोटं घातली, कानापाशी नखं रुतवली, त्याने तिला कोपराने भिंतीवर ढकललं. केस धरणाऱ्याने जाताजाता हॉलिसच्या खांद्यावर बूट दिला. तिसरा, सगळ्यांत तरुण, पळताना तिच्या अंगावर येता येता थबकला, बाजूला सरला, तिला वाट दिली आणि म्हणाला, "माफ करा, मॅडम."

मग तोही पळाला.

गालाचं हाड, तीन बरगड्या, गळ्याजवळचं हाड. डाव्या डोळ्याचं सूज उतरल्यावर कळेल, डॉक्टर म्हणाले. आशा ठेवा असं म्हणाले नाहीत. शेरीफच्या कचेरीतून एक पोलीस जबाब घ्यायला आला. सगळं लिहून घेतलं, वही मिटली, दारापर्यंत गेला आणि परत आला.

"आपल्यातच राहू दे हं, वहिनी," तो हळूच म्हणाला. "पण खरंच... होता का तो रेषेवर?"

लॉरेलचे वडील ओडेल गँट हॉस्पिटलात आले नाहीत. गावाबाहेर त्यांचं भंगाराचं आवार होतं, शुक्रवारच्या घणाच्या खेळाची तयारी आहे, असा त्यांनी निरोप पाठवला. दिवसभर ती हॉलिसच्या उशाशी बसली आणि दर थोड्या वेळाने दाराकडे पाहत राहिली. आई गेल्यापासून तिने हाक मारावी असं ते एकच माणूस उरलं होतं.

गुरुवारी दुपारी ती टॅन्सीसाठी घरी आली. पोर दोन दिवस शेजारणीकडचं डब्यातलं खात होती, म्हणून लॉरेल गरम पाव करायला बसली. पीठ चाळलं, लोणी कापून ठेवलं. हाताला काम मिळालं की डोकं जरा थांबतं. दूध काढायला ती फ्रीजकडे वळली आणि परत पाहते तो टॅन्सीने पिठाची रास जमिनीवर ओतून बोटाने लांब रेघ केली होती. बूट-मोजे काढून पोर खुर्चीवर उभी होती, हातात चेंडूसारखा गुंडाळलेला टॉवेल.

"टॅन्सी! खाली उतर. हे काय?"

"थांब ना मम्मा. मी बारा नंबर आहे."

तिने उडी मारली. पाच वर्षांच्या पोरीची उडी, दोन्ही पाय एकदम. डाव्या पायाचा अंगठा पिठात पडला, पिठाचा भुरका उडाला आणि तिच्या फ्रॉकच्या कडेवर बसला.

"बघ, पांढरं उडालं," टॅन्सी खूश होऊन म्हणाली. मग हात आडवे फिरवले, पप्पासारखे. आत-बाहेर. आणि एकदम थांबली. तोंडावर हात गेला, हाताचं एक बोट झालं आणि ते ओठांवर उभं राहिलं.

लॉरेल तिच्यासमोर पिठातच बसली.

"कुठे उडालं पांढरं, बाळा?"

टॅन्सीने मान हलवली.

"कुणी सांगू नको म्हणालं?"

"आजोबा नाही म्हणाले," टॅन्सी घाईने म्हणाली. डोळे भरले होते. "आजोबांनी नाही सांगितलं मला, की हे आपल्या दोघांचं गुपित."

केल्सोच्या मैदानावर अजून कोरड्या चुन्याच्या रेघा मारतात. बाकी सगळीकडे रंगाचे फवारे आले, पण इथे शनिवारी पहाटे शेवटच्या वर्षाची मुलं चुन्याची गाडी ढकलतात, जशी त्यांच्या आजोबांनी ढकलली. त्याचा गावाला केवढा अभिमान. आणि दक्षिण कोपऱ्यात दुसऱ्या ओळीतल्या दोन खुर्च्या लॉरेलच्या आजोबांच्या. मग डॅडींच्या आणि आईच्या. आई गेल्यापासून दुसरी खुर्ची कधी लॉरेलची, या वर्षी टॅन्सीची. त्या खुर्चीतून ती रेघ इतकी जवळ, की लहानपणी लॉरेलला वाटे हात लांबवला तर पुसता येईल. त्यावर कुणाचा पाय पडला, तर उडालेला चुना तिथून दिसणारच.

तिने पोरीला छातीशी धरलं. पिठाचे हात पाठीवर उमटले.

"तू काही सांगितलं नाहीस," ती तिच्या केसांत म्हणाली. "मीच पाहिलं."

शुक्रवारी चार वाजता अग्निशमन दलाच्या मैदानावर माणसं मावत नव्हती. मांस भाजल्याचा धूर, बँड, नारिंगी टोप्या. मधोमध चुन्याचं मोठं रिंगण मारलेलं आणि रिंगणात गाडी. दरवर्षी मोसमातल्या शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी ओडेल आपल्या आवारातली एक मोडकी गाडी देत, तिला समोरच्या संघाचा रंग फासत आणि लोक तिकीट काढून तिच्यावर घणाचा एकेक घाव घालत. जमा होईल ते दलाच्या बंबाला. लॉरेल लहान असताना तिनेही घातले होते, डॅडींच्या हातावर हात ठेवून.

या वेळी गाडी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची होती. टपावर मोठं एफ. पुढच्या काचेवर कुणीतरी चष्मा रंगवला होता आणि त्याच्या डाव्या भिंगावर फुली. ही फुली ताजी होती. बुधवारनंतरची.

लॉरेल पोरीला कडेवर घेऊन गर्दीतून चालली. लोक बाजूला होत होते. एक-दोन बायकांनी माना खाली घातल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "नवऱ्याला नाही आणलंस? त्याला काय, दिसणार थोडंच आहे!" आणि हशा झाला.

ओडेल रिंगणाच्या कडेला घणाच्या दांड्याला कापड गुंडाळत होते. सहा फुटांचा माणूस, हात अजून दोरखंडासारखे.

"तू इथे कशाला आलीस, पोरी? आणि हिला घेऊन?"

"तुम्ही हॉस्पिटलात आला नाहीत, डॅडी."

"येणार होतो."

"त्याचा डावा डोळा गेला. सकाळी सांगितलं."

ओडेलचा हात कापडावर थांबला. मग पुन्हा गुंडाळू लागला, जास्त घट्ट.

"कुणी केलं ते कळलं तर मी स्वतः त्याचे..."

"कुणी केलं ते मी विचारत नाहीये. तुम्ही काय पाहिलंत, ते सांगा."

"सगळ्यांनी पाहिलं तेच."

"सगळे तुमच्या खुर्चीवर बसत नाहीत."

त्यांनी टॅन्सीकडे पाहिलं. टॅन्सीने आईच्या मानेत तोंड लपवलं. त्यांनी दांड्यावरची गाठ सोडून पुन्हा बांधली. बँडने गावाचं गाणं धरलं होतं.

"त्या ओळीत माझ्या डाव्या-उजव्या हाताला कोण बसतं, ठाऊक आहे ना तुला?" शेवटी ते हलक्या आवाजात म्हणाले. "तुझ्या आईची शवपेटी ज्यांनी उचलली ते सहाच्या सहा जण. चाळीस वर्षं. मी आता उभा राहून काय म्हणू त्यांना? आणि म्हटलं तरी पंचाचा सासराच तो, असंच म्हणतील. कोण ऐकणार?"

"नाही ऐकलं तर नाही. त्याला पुन्हा मारतील, डॅडी. सोमवारी तो घरी येईल, मंगळवारी दुकान उघडेल. तुम्ही ओळखता त्याला. आणि ते पुन्हा म्हणतील हात वर कर, आणि तो करणार नाही."

ओडेलनी कापडाचं टोक दांड्यात खोचलं.

"ओडेल गँट!" भोंग्यातून दलप्रमुख क्लीव्हचा आवाज आला. "लेकीशी गप्पा नंतर मारा, राव! सव्वीस वर्षं पहिला घाव तुमचा, यंदा काय पंचाची परवानगी पाहिजे की काय?"

मैदान हसलं. पाय आपटायला लागलं. ओडेलनी लेकीकडे न बघता घण उचलला, खांद्यावर टाकला आणि वळले.

रीत अशी, की पहिल्या घावाआधी सगळ्यांनी दोन्ही हात वर करायचे. शेकडो हात एकदम वर गेले. म्हाताऱ्यांचे, बायकांचे, बापांच्या खांद्यांवर बसलेल्या पोरांचे. कुणाच्या हातात सोड्याचा पेला, कुणाच्या हातात बॅट. एका गळाबंद कॉलरवाल्या पोराच्या कानाखाली नखांचे चार ओरखडे लॉरेलला दिसले. त्याचेही हात वर होते. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि खाली पाहिलं, पण हात खाली घेतले नाहीत. तिने टॅन्सीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"मार! मार! मार!"

ओडेल रिंगणात शिरले. त्यांचा जड बूट रेघेवर पडला आणि कोरड्या चुन्याचा भुरका उठून पँटच्या कडेवर बसला.

"आजोबा, रेषेवर!" टॅन्सी ओरडली. "पांढरं उडालं!"

पुढच्या रांगा खदखदून हसल्या. "पंचाची पोरगी शोभतेस!" कुणीतरी म्हणालं.

ओडेल वळले. टॅन्सीच्या लक्षात आलं. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं, आणि मग घाबऱ्या डोळ्यांनी आजोबांकडे बघत एक बोट ओठांवर उभं केलं. मी नाही सांगितलं.

ओडेलनी आधी तिच्या बोटाकडे पाहिलं, मग आपल्या बुटाकडे. खालचा चुना विस्कटला होता, अंगठ्याएवढी जागा उघडी पडली होती. गर्दी ओरडत होती. त्यांनी घण वर नेला, डोक्याच्या वर, दोन्ही हातांत, आणि लॉरेलने टॅन्सीचा चेहरा आपल्या खांद्यात दाबला.

घाव पडला नाही.

त्यांनी घण हळूच खाली आणला, दांडा गाडीच्या टपाला टेकवला. मग गर्दीकडे तोंड करून उभे राहिले आणि दोन्ही हात कमरेसमोर आडवे फिरवले. आत-बाहेर. आत-बाहेर.

हशाचा कल्लोळ उसळला. "वा रे म्हाताऱ्या, हुबेहूब!" क्लीव्ह भोंग्यात खिंकाळला. शिट्ट्या पडल्या.

ओडेलनी हात पुन्हा फिरवले. तोंडावर हसू नव्हतं. मागच्या बाजूचे अजून हसत होते. पुढे, आईची शवपेटी उचलणाऱ्या त्या सहा माणसांपैकी एकाने आपले वर केलेले हात अर्ध्यावर आणले.

ते तिसऱ्यांदा हात फिरवू लागले. आता बँडवाल्यांपैकीही कुणीतरी थांबलं. रिंगणाच्या पलीकडे कुणीतरी बॅट या हातातून त्या हातात घेतली.

आपली गाडी कुठे लावली आहे, लॉरेल आठवू लागली. कुंपणाजवळ, डावीकडून तिसरी. तिने खिशातली किल्ली मुठीत धरली, पण तिचे पाय तिकडे वळले नाहीत. पोरीला घेऊन ती एक पाऊल पुढे गेली, रेघेपर्यंत.